पिवळं, केशरी, पांढरं

नॉर्वेत पोरांना गोळ्या-चॉकलेटं शनिवारीच मिळतात. तसा कायदा नाही, पण रिवाज कायद्याहून कडक. शनिवारी दुपारी वाण्याच्या दुकानात रंगीबेरंगी गोळ्यांच्या खणांपुढे पोरांची झुंबड उडते आणि रविवारी तीच पोरं शहाण्यासारखी गाजरं खाताना दिसतात. मोठ्यांचंही तेच. वाईन आणि तिच्याहून कडक जे काही असेल ते फक्त सरकारी दुकानात, आणि त्या दुकानाचं शनिवारी दुपारी खाली आलेलं शटर सोमवारपर्यंत वर जात नाही. समुद्राखाली तेलाचे साठे, तिजोरीत पैसा आणि वागणं मात्र रॉकेलच्या रांगेत उभं असल्यासारखं.

मी खरोखरच त्या रांगेत वाढलेला. १९७२ च्या दुष्काळातली तांबडी मिलो ज्वारी, नंतरचं पामतेल, दिवाळीची जादा साखर हे सगळं पिशवी घेऊन आणलेलं. त्यामुळे नोकरीसाठी स्टॅव्हँगरला आलो तेव्हा हवामान सोडता बाकीचा देश मला ताबडतोब कळला.

विमानात माणशी २० किलो. त्यात गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि कुकर यांच्या जागा आधीच ठरलेल्या. साहित्य आणि संगीत यांना बायकोने एकच अट घातली: कुकरच्या आत मावलं पाहिजे. मराठी समीक्षेने हा निकष अजून वापरलेला नाही, पण तो चोख आहे. दिवाळी अंक पहिल्याच फेरीत बाद झाले. कुकरात घालायला दुमडले तर ‘आवाज’च्या खिडक्या वेळेआधीच उघडतात आणि सगळी मजा जाते. जाड कादंबऱ्या घालून पाहिल्या, तर झाकण बसेना. बाबूराव अर्नाळकर मात्र उभे, आडवे, तिरके, कसेही मावले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाने वाचकाच्या अडचणी ओळखलेल्या असतातच. कुकरच्या डब्यांत कॅसेटी रचल्या. वरणाच्या डब्यात भीमसेन, भाताच्या डब्यात गीतरामायण.

१ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या, ही बातमी आम्हाला लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळलेल्या पेपरातून उशिरा कळली. मी त्याच रात्री फळीवरच्या मालाची वर्गवारी केली.

पिवळं म्हणजे रोज आणि विनाचौकशी. यात मुख्यतः पार्सलांभोवतीचे पेपर. वाचकाची खरी भूक पाहायची असेल तर त्याला लोणच्याचा पेपर द्यावा. एका पानावर अग्रलेख होता, पण तेलाने कागद आरपार झाल्यामुळे मागच्या बाजूच्या छोट्या जाहिराती पुढे आल्या होत्या. सरकारने नैतिक जबाबदारी स्वीकारून, गोरी, गृहकृत्यदक्ष, पत्रिका आवश्यक, असा काहीसा मजकूर झाला होता. आम्ही तो पुनःपुन्हा वाचला. मूळ अग्रलेख कदाचित इतका चांगला नसेलही.

कालनिर्णयही पिवळ्यातच, पण त्याला एक पोटनियम होता. महिना उजाडल्याशिवाय त्या महिन्याचं मागचं पान वाचायचं नाही. मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक मात्र खुलं ठेवलं होतं. बाहेर आडवा पाऊस, दुपारी चारच्या आत काळोख आणि घरात मी कर्जतची शेवटची गाडी चुकते की मिळते याची चिंता करतोय, अशा किती तरी संध्याकाळी गेल्या. संकष्टीला चंद्रोदय मुंबईचा आणि ढग स्टॅव्हँगरचे. बायको घड्याळाला नमस्कार करून उपास सोडायची.

केशरी कार्डावर संगीत. इथे माझ्या बाजूला भक्कम दाखला होता. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीने गीतरामायणातलं पहिलं गाणं लावलं आणि पुढे आठवड्याला एक या हिशेबाने वर्षभर पुरवलं. गदिमा आणि बाबूजी अख्ख्या महाराष्ट्राला आठवड्याला एका गाण्यावर ठेवू शकतात, तर दोन माणसांच्या घराला काय धाड भरली आहे? मी शुक्रवार सकाळ मुक्रर केली. गाणं झालं की कॅसेट परत भाताच्या डब्यात.

“अहो, पण आकाशवाणी तेच गाणं शनिवारी आणि रविवारीही लावायची,” ही म्हणाली. “आमच्या आईने तिन्ही दिवस ऐकलंय.”

चौकशी केली, तर खरं निघालं. कोटा तिप्पट झाला. मग हिने दुसरा मुद्दा काढला. १९५५ साली अधिक महिना होता, म्हणून तर गाणी ५६ झाली. आणि कालनिर्णय समोर धरून तिने दाखवलं की यंदाही अधिक ज्येष्ठ आहे. रेशनिंग ऑफिसरपुढे इतक्या कागदपत्रांनिशी कुणी उभं राहिलं, तर त्याने करायचं काय? भीमसेनांना मात्र कोटा लागला नाही. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की द्रुत बंदिशीचीही विलंबित व्हायची आणि एकाच कॅसेटीत दोन मैफली निघायच्या.

राहिलं पांढरं. पांढऱ्या कार्डावर महाराष्ट्रात धान्य मिळत नाही, ते नुसतं घरात असतं. आमच्याकडे या वर्गात एक वैचारिक ग्रंथ होता, ऑफिसच्या निरोप समारंभात मिळालेला. तो कुकरात मावला नव्हता, मी हातात धरून आणला होता. त्याचा साठा कधीच कमी झाला नाही.

(आता फोनवर सगळं मिळतं, हे मला माहीत आहे. पण त्याने लेखाला काही मदत होत नाही.)

खरी परीक्षा ईस्टरची. १९२३ साली ईस्टरच्या तोंडावर ‘आफ्तेनपोस्तेन’ या पेपराच्या पहिल्या पानावर मथळा झळकला की बर्गनची गाडी रात्री लुटली गेली. लोक घाबरून गाडीतल्या नातेवाइकांची चौकशी करू लागले. बातमी नव्हतीच ती, नव्या रहस्यकथेची जाहिरात होती. तेव्हापासून ईस्टरला अख्खा नॉर्वे डोंगरातल्या लाकडी घरात जाऊन संत्री सोलत खुनाच्या गोष्टी वाचतो. दुधाच्या खोक्यांवरसुद्धा छोट्या रहस्यकथा छापतात. या एका बाबतीत आमचा साठा राष्ट्रीय दर्जाचा होता. शेजाऱ्यांबरोबर आम्हीही गेलो. ते त्यांच्या जाडजूड ठोकळ्यांत बुडालेले, मी अर्नाळकरांच्या झुंजारबरोबर.

अडचण एवढीच की अर्नाळकर दोन तासांत संपतात आणि सुट्टी चांगली आठवडाभर. म्हणून मी प्रत्येक पुस्तकाची शेवटची पानं स्टेपल करून ठेवली होती. पिना मी काढेन तेव्हाच गुन्हेगार सापडेल. त्या वर्षी त्यातली तीन पुस्तकं जपून परत आणली, अगदी शेवटापर्यंत न जाता. पुढच्या हिवाळ्याची तरतूद.

उन्हाळ्यात पुण्याहून भाचा आला. मुक्काम पंधरा दिवसांचा. घरी पेठेत चालत जाण्याच्या अंतरावर ग्रंथालय असलेला मुलगा, त्याला कोटा ही गोष्टच ठाऊक नाही. त्यात उन्हाळ्यात इथे रात्र म्हणून पडत नाही. तो खिडकीशी बसला आणि टोळधाड यावी तसा फळीवरून फिरला. लोणच्याचे पेपर संपवले. कालनिर्णयाचा डिसेंबर जुलैतच वाचला. ५६ गाणी दोन दिवसांत, भांडी घासता घासता. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला पोहे पुढे ओढत म्हणाला, “मामा, त्या निळ्या कव्हराच्या पुस्तकात सेक्रेटरीच खुनी निघतो, नाही?”

माझा चमचा हवेतच राहिला.

“आणखी काही नाही का वाचायला?”

मी पांढऱ्या कार्डाकडे बोट दाखवलं. त्याने ग्रंथ उचलून वजन पाहिलं आणि जागेवर ठेवला.

दुपारी मी नुकसानीचा पंचनामा करायला बसलो. निळ्या पुस्तकाच्या पिना उपटलेल्या होत्या, ते ठीक. पण प्रत्येक पिनेच्या भोकांशेजारी आणखी दोन भोकं होती, नीट, सरळ रेषेत. मी उरलेली दोन्ही पुस्तकं काढली. एकात तीन जोड्या. कुणी तरी पिना काढून, वाचून, पुन्हा जिथल्या तिथे ठोकल्या होत्या, आणि एकदा नव्हे. भाच्याला बोलावून विचारलं.

“पुन्हा कशाला ठोकू, मामा? मी सरळ ओढून काढल्या.”

घरात तिसरं माणूस एकच होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पुस्तक उघडून धरलं आणि भोकं दाखवली. ही कणीक मळत होती. तिने भोकं अगदी निरखून पाहिली.

“बाई गं,” ती म्हणाली. “लावा की तुमच्या झुंजारला तपासाला.”