थाळी पळवली, आभाळ राहिलं

स्टारलिंकची उपग्रह-इंटरनेटची थाळी चोरायला अक्कल लागत नाही, शिडी लागते. मोकळं आभाळ हवं म्हणून ती अमेरिकेत घरांच्या छपरांवर, मोटारघरांच्या टपांवर राजरोस पहुडलेली असते. बर्फ वितळवायला अंगात ऊब धरते, म्हणून शेजारची मांजरंही तिला सिंहासन समजतात. (थाळी म्हणायचं इतकंच, आता ती चौकोनी असते.)

चोराची पंचाईत पुढे होते. तिचा क्रमांक मालकाच्या खात्याला बांधलेला असतो. त्याने तो खात्यातून सोडवल्याशिवाय दुसऱ्याला ती स्वतःच्या नावावर चालू करता येत नाही. शेकडो किलोमीटरवरून उपग्रह जातात ते सरळ मान फिरवून.

झकास! पण हा पहारेकरी चोराकडे आणि गिऱ्हाइकाकडे एकाच नजरेने बघतो. रोख डॉलर मोजून जुनी थाळी आणणाऱ्या सज्जनाचीही तीच गत. विकणारा खात्यातून ती सोडवायला विसरला आणि फोन उचलेनासा झाला, की वस्तू याच्या छपरावर, मालकी त्याच्या खात्यात. सातबाऱ्यावर नाव न चढलेल्या शेतात निदान गवत तरी उगवतं. इथे फार तर पापड वाळत घालावेत. मांजरं उठली तर.