सोलरकाका

बंगल्यांच्या वसाहतीत दर गल्लीला एक सोलरकाका असतात. आमच्या नाशकातल्या गल्लीतही आहेत. ओळखायची खूण सोपी. 'काय काका, कसं काय?' असं विचारल्यावर तब्येतीऐवजी 'काल साडेतेरा!' असं उत्तर आलं, की तेच ते. साडेतेरा म्हणजे युनिटं. तीन किलोवॉटच्या पॅनेलांनी कालच्या उन्हात काढलेली.

काकांच्या खिशात पाकीट नसेल, पण वीजबिल असतंच. चार घड्या घातलेलं, घामाने मऊ पडलेलं. ते उलगडून समोरच्याच्या नाकापर्यंत नेतात. 'बघा, शून्य!' बिल शून्य नसतं, स्थिर आकार सुटत नाही. पण नेमकी ती ओळ अंगठ्याखाली झाकून बिल दाखवण्याची कला काकांनी कमावली आहे.

सकाळी सहाला बर्म्युडा चढवून, हातात वायपर घेऊन काका गच्चीवर. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःचं ताट विसळलं नाही, तो पॅनेलावरची कबुतराची शीट नखाने खरवडतो. तीन किलोवॉटला साधारण तीनशे चौरस फूट गच्ची गेली. 'माझं कुरडयांचं ऊन ह्यांनी सरकारला विकलं,' असं काकू म्हणतात. शेजारच्या आंब्याशी काकांचं उघड वैर आहे, कारण त्याची फांदी दुपारी तीननंतर एका पॅनेलावर सावली धरते आणि ते एकटं ओळीतल्या बाकीच्यांनाही खाली ओढतं. जूनमध्ये पाऊस लांबला की सगळा जिल्हा आभाळाकडे डोळे लावून बसतो. काका तेवढे मोबाइलमधला आलेख बघून खुशीत असतात. हे त्यांनी चारचौघांत बोलू नये असं आम्ही सुचवलं आहे.

खरी परीक्षा लाइट जाते तेव्हा. भर दुपारी, डोक्यावर रणरणतं ऊन आणि काकांच्या घरातला पंखा बंद. 'काका, तुमच्याकडे सोलर आहे ना?' गल्लीतली पोरं मुद्दाम विचारतात. मग काका घाम पुसत समजावतात, की लाइनवर चढलेल्या वायरमनला उलटा करंट लागू नये म्हणून आपला इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडतो. बॅटरी घेतली असती तर गोष्ट वेगळी. मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण घामाने निथळणाऱ्या माणसाच्या तोंडून तो पटत नाही.

मार्चमध्ये काका एकदम उदार होतात. शिल्लक युनिटं वर्षअखेरीला वीज कंपनी स्वस्तात हिशेबात धरते, ते त्यांच्या जिवाला लागतं. एरवी मोरीतला दिवा कुणी विसरलं तर घर डोक्यावर घेणारे काका तेव्हा 'इस्त्री करून घ्या रे, एसी लावा' म्हणत फिरतात.

आता सोलर घेतलंच का? ज्येष्ठ नागरिक संघात विचारा, पृथ्वी आणि नातवंडं येतात. घरात विचारा, १३ फेब्रुवारी २०२४ ही तारीख येते. त्या दिवशी पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार अनुदान. त्यापुढे कितीही बसवा, छदाम जास्त नाही. काकांचं पर्यावरणप्रेमही बरोबर तीन किलोवॉटवर थांबलं.

पण खरं कारण काकूच सांगतात. दिवाळीला सांगलीला व्याह्यांकडे गेले होते. विहीणबाई सहज म्हणाल्या, 'गीझर हवा तेवढा वेळ चालू ठेवा हो, आमचं सोलर आहे.' परतीच्या गाडीत काका नाशिक येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्याचं बघून सोलर घेणारे काका एकटेच नाहीत. कॅलिफोर्नियातली आकडेवारी तपासून बोलिंजर आणि गिलिंगहॅम या दोघा अभ्यासकांनी २०१२ साली दाखवून दिलं, की एका पिनकोडात पॅनेलं वाढली की नवी बसवणारेही वाढतात. सरकारच्या जाहिराती आमच्या गल्लीतही सगळ्यांनी पाहिल्या होत्या, हललं कुणी नव्हतं. काकांकडे येणारा माणूस दोनच गोष्टी विचारतो: 'बसवणारा कोण?' आणि आवाज खाली आणून, 'पैसे खरंच जमा झाले का हो?' काका पासबुक उघडून अनुदानाच्या ओळीवर बोट ठेवतात. इथे अंगठा झाकायला नव्हे, दाखवायला असतो. त्या एका ओळीने आतापर्यंत निम्मी गल्ली फिरवली.

परवा समोरच्या बंगल्यात पाच किलोवॉट आलं. सांगाडाही उंच, खाली खुर्च्या टाकून बसता येईल एवढा. काका बघून आले आणि म्हणाले, 'पश्चिमेला कललंय.' तेव्हापासून रोज संध्याकाळी आधी समोरच्यांचा आकडा विचारतात, त्याला पाचाने भागतात, आपल्याला तिनाने, आणि जिन्यातूनच ओरडतात, 'अगं, किलोवॉटमागे आपणच पुढे!'

काकू मिक्सर चालू करतात.