कोण धरून बसलंय?

जालन्याहून राजूर ओलांडून भोकरदनकडे निघालं की केदारखेडा लागतं. 2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईची पोरं लॅपटॉप घेऊन अशा गावांत परतली. पुढे कंपन्यांनी हाका मारल्यावर बहुतेक निघून गेली, पण एखादा मागे राहतोच. गाव त्याला ‘सर्व्हरवाला’ म्हणतं. त्याच्या खोलीत इन्व्हर्टर असतो, दोन कंपन्यांची सिमकार्डं असतात आणि भावाची वाट बघत बसलेला कापसाचा ढीग असतो. मीटिंगमध्ये कुणी विचारलंच, की मागे ते पांढरं काय दिसतंय, तर तो गंभीरपणे सांगतो, “वॉलपेपर आहे, सर.”

वडिलांनी एकदा त्याला विचारलं, की तू नेमकं करतोस काय?

“फाइल अडकली की ती कोणी धरून ठेवली ते हुडकायचं.”

“त्याचे पैसे देतात?”

“महिन्याला.”

“मग तहसीलात का लागत नाहीस? तिथं तर जन्माचं काम आहे.”

हे काम गमतीचं दिसतं, पण रात्री दोनला फोन येतो तेव्हा गंमत राहत नाही. सर्व्हर आपल्या प्रत्येक हालचालीची ओळ एका लॉग फाइलीत लिहीत असतो. रोज रात्री जुन्या फाइलीचं नाव बदलायचं आणि नवी सुरू करायची, असा शिरस्ता. पण कुणी ती फाइल उघडून बसलं असेल, तर विंडोज नाव बदलू देत नाही. फाइल दुसरा प्रोग्रॅम वापरतोय, एवढंच सांगतं. दुसरा म्हणजे कोणता, ते सांगत नाही. मग त्याच फाइलीत ओळी पडत राहतात, ती फुगते आणि डिस्क भरत येते.

अशा वेळी साहेबांचा एकच उपाय असतो: रिस्टार्ट कर. सर्व्हरवाल्याला या शब्दाचा खरा राग आहे. रिस्टार्टनं फाइल सुटते हे त्याला मान्य आहे. पण गुन्हेगारही सुटतो आणि उद्या दोनला पुन्हा हजर होतो.

म्हणून तो प्रोसेस एक्सप्लोरर उघडतो. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्सचं हे हत्यार. 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीच विकत घेतली. या हत्यारात फाइलीचं नाव टाकलं, की तिचं हँडल, म्हणजे धरलेली मूठ, कोणत्या प्रोग्रॅमकडे आहे ते दिसतं. बहुधा अँटिव्हायरस, बॅकअप नाहीतर शोधसूची बनवणारा एखादा उद्योगी प्रोग्रॅम सापडतो. हँडल तिथूनच जबरदस्तीनं तोडता येतं, पण तो तोडत नाही. लिहिणाऱ्याच्या हातातली वही ओढली तर पान फाटतं, असं तो सांगतो.

मारायचं ठरलंच तर मात्र फोनवरची भाषा ऐकवत नाही. “बाप मारला, पण पोरं जिवंत आहेत. एकेक हुडकून मारतो.” प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, मारली तरी तिनं जन्माला घातलेल्या प्रोसेस चालू राहू शकतात, एवढाच याचा अर्थ. आजीनं हे ऐकलं त्या रात्री राजूरच्या गणपतीला, राजुरेश्वराला, नवस बोलला गेला.

लिनक्सचा त्याला वेगळाच राग. विंडोज निदान तोंडावर नाही म्हणतं. लिनक्स फाइल गुमान पुसू देतं. नाव जातं, पण ज्यानं ती उघडी धरली आहे तो सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. फाइली मोजणारं ‘डीयू’ म्हणतं फाइल नाही, डिस्क मोजणारं ‘डीएफ’ म्हणतं डिस्क भरलेली आहे. तेव्हा उघड्या फाइलींची यादी देणारं ‘एलएसओएफ’ चालवून धरणारा शोधावा लागतो.

सवय अंगात मुरली आहे. चतुर्थीला राजूरच्या रस्त्यावर वाहनं तुंबली की सगळे हॉर्न वाजवतात. हा उतरतो, पुढे चालत जातो आणि आडव्या लागलेल्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर चहाच्या टपरीवरून शोधून आणतो.

त्याच्या कारकिर्दीतला सर्वात नाजूक खटला वेगळाच. फाइल कोणी धरली याचं उत्तर आलं ‘सिस्टिम’, प्रोसेस क्रमांक 4. नवखा इथे हात टेकतो. याला ठाऊक होतं, की नेटवर्कवरून सामाईक फोल्डरातली फाइल कुणी उघडली तर सर्व्हरवर धरणारा म्हणून सिस्टिमचंच नाव दिसतं. खरा चोर घराबाहेर असतो. त्यानं सामाईक फोल्डरांतल्या उघड्या फाइलींची यादी काढली. नाव निघालं साहेबांचं! लॉग एवढा का फुगतोय हे बघायला साहेबांनी तो एक्सेलमध्ये उघडला होता. एक्सेलच्या एका पानावर 10,48,576 ओळींच्या वर काही मावत नाही. लॉग मावला नाही, साहेब कंटाळले आणि तसेच झोपले. नोटपॅड बिचारं वाचून सोडून देतं, एक्सेल मात्र धरून बसतं.

सकाळच्या अहवालात त्यानं लिहिलं, ‘एका क्लायंट यंत्राकडून हँडल मुक्त झाले नव्हते.’ साहेबांनी त्या अज्ञात यंत्राबद्दल तीव्र नाराजी कळवली. यानं ती अदबीनं नोंदवून घेतली.

तेव्हा मंडळी, लॉग बघायचाच असेल तर त्याची प्रत काढून बघा. मूळ फाइल उघडलीच, तर झोपण्याआधी एक्सेल बंद करा.