पाय टेकायचा नाही

पुण्यात दुचाकी कुणी शिकत नाही, ती उपजतच येते, अशी इथल्या लोकांची समजूत आहे. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर मी गियरची मोटारसायकल शिकणार म्हटल्यावर सोसायटीत कुणाला धक्का बसला नाही. उलट, ही बाई इतकी वर्षं नुसत्या स्कूटरवरच होती, याचंच सगळ्यांना वाईट वाटलं. आधी लुना, मग कायनेटिक होंडा, मग अ‍ॅक्टिव्हा, असा माझा प्रवास. कोथरूडपासून कॅम्पापर्यंतचे खड्डे मला नावानिशी ठाऊक आहेत, पण लायसन्सवर 'विदाउट गियर' आहे म्हणताना क्लच ही वस्तू माझ्या आयुष्यात कायदेशीररीत्या आलेलीच नव्हती.

ती आणली चिरंजीवांनी. ते नोकरीला बंगळूरला गेले आणि त्यांची स्प्लेंडर खाली पार्किंगमध्ये राहिली. "वहिनी, आठवड्यातून एकदा तरी फिरवा, नाहीतर बॅटरी बसेल," असं मेकॅनिक म्हणाला. विकायचं नाव काढलं की मुलगा फोनवर गप्प होतो. आमच्या ह्यांना दुचाकी येत नाही. हे निवृत्त ड्राफ्ट्समन. सगळीकडे पीएमपीच्या बसने जातात आणि कधी माझ्या मागे बसलेच तर वळणाची त्रिज्या सांगतात. तेव्हा शिकणं मलाच भाग होतं.

चाळिशी ओलांडलेल्याला लर्निंग लायसन्ससाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. शिवाय आपली आपण एक घोषणाही भरून द्यायची असते. चक्कर येते का, 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का. आमच्या रस्त्यावर मधे काहीही नसलेलं 25 मीटर अंतर फक्त कर्फ्यूत मिळेल. आणि लाल-हिरवा ओळखता न येणारा माणूस मला पुण्यात अजून भेटलेला नाही. सगळे ओळखतात, फक्त ओळख दाखवत नाहीत.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्या परीक्षेला 30 दिवसांनंतरच जाता येतं. ह्यांनी लगेच कॅलेंडरवर पेन्सिलीने आखणी केली. तीत 'नापास झाल्यास' अशी वेगळी फांदी काढून पुढे 7 दिवसांची मुदत, आणि तीनदा नापास झाल्यास 60 दिवसांची मुदत, हेही नियमाप्रमाणे दाखवलं. पास झाल्यास काय, याची फांदी नव्हती. विचारलं तर म्हणाले, "त्याला आखणी कशाला लागते?"

मग एल. बाजारात दहा-वीस रुपयांत स्टिकर मिळतं. पण नियमात मापं दिलेली आहेत हे ह्यांना कळलं आणि संपलं. पांढरी पाटी 18 सेंटिमीटर चौरस, वर लाल एल, उंची 10 सेंटिमीटर, जाडी 2, तळाशी रुंदी 9. निवृत्तीनंतर इतकं स्पष्ट काम ह्यांच्याकडे आलंच नव्हतं. टी-स्क्वेअर निघाला, सेटस्क्वेअर निघाले. पुठ्ठा म्हणून घरातल्या एका दणदणीत लग्नपत्रिकेची पाठ वापरली. त्यामुळे मी रस्त्यावरून जाताना मागून येणाऱ्याला शिस्तीतला लाल एल दिसायचा आणि वाऱ्याने पाटी उलटली की 'श्री गजानन प्रसन्न'. अंतर मात्र लोक दोन्ही वाचून सारखंच राखायचे.

खरा गोंधळ गियरचा. आमच्या घरात आणि शेजारात दुचाकी येत नाही असे फक्त हे, बाकी सगळे तज्ज्ञ. आणि प्रत्येकाचा गियर वेगळ्या ठिकाणी! मोठे दीर जुन्या बुलेटवाले. त्या गाडीचा गियर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या, पहिला वर उचलायचा, पुढचे खाली दाबायचे. वरच्या मजल्यावरचे नाना येझदीवाले. त्यांच्याकडे गियरची दांडी तीच आत ढकलून वर फिरवली की किक. नणंदेची उमेद चेतकवर गेली, तिचे गियर डाव्या हाताच्या मुठीत, आणि गाडी सुरू होईना की आधी अंगावर कलती करायची. भाच्याकडे हल्लीची गाडी, पहिला खाली, बाकीचे वर. आणि माझ्या पुढ्यात स्प्लेंडर, जिचे चारही गियर पंजाने पुढे दाबून पडतात आणि टाचेने मागे दाबून उतरतात.

रविवारी सकाळी मैदानात ही सगळी मंडळी माझ्याभोवती उभी. "उचल!" दीर ओरडले. "दाब!" भाचा म्हणाला. "मूठ फिरव गं," ही नणंद. नाना शांत होते. ते म्हणाले, "सूनबाई, येझदीचा आवाज ऐकलायस का कधी?" आणि त्या आवाजावर पंधरा मिनिटं गेली. माझ्या लक्षात आलं, की मला शिकवायला यातलं कुणीच आलेलं नव्हतं. जो तो आपल्या विकून टाकलेल्या गाडीला भेटायला आला होता. मग मी त्यांना भेटू दिलं. चहा पाठवला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन गाडी चालवली.

मोटारसायकलच्या परीक्षेतला मुख्य देव म्हणजे आठ. जमिनीवर इंग्रजी आठाचा आकडा, त्यावरून पाय न टेकता फिरायचं. रस्त्यावर कुणी कधी आठ काढत नाही, असं सगळे नाक मुरडून सांगतात. मला ते पटत नाही. लक्ष्मी रोडला गणपतीच्या आठवड्यात वाट काढलेली बाई असं म्हणणार नाही. सावकाश चालवणं हेच अवघड, जोरात तर गाडी स्वतःच उभी राहते.

ह्यांनी ग्राफ पेपरवर आठ काढला, दोन तंतोतंत वर्तुळांचा, आणि तो मैदानात उतरवायला मी रांगोळीचा डबा नेला. छान जाड रेघ ओढली, मध्ये खुणेला चार विटा ठेवल्या आणि सकाळी येऊ म्हणून घरी आलो. ती अमावास्या होती, हे आमच्या कॅलेंडरवर फांद्यांमुळे दिसलं नव्हतं. सकाळी पाहते तो मैदानात फिरायला आलेली मंडळी भिंतीला चिकटून चालली आहेत, दूधवाल्याने सायकल लांबून वळवली आहे आणि एका विटेवर कुणीतरी लिंबू ठेवलंय. त्या दिवशी सरावाला मोकळी जागा मात्र अशी मिळाली, की क्रिकेटवाली पोरंसुद्धा दहानंतर आली.

आठ जमेना. गाडी पहिल्या वर्तुळातून बाहेर निघून थेट विटेकडे जायची. अखेर मेकॅनिक आला, त्याने सिगारेट न विझवता पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, विटेकडे बघता म्हणून विटेवर जाता. जायचंय तिकडं बघा." शिवाय पहिला गियर, क्लच अर्धा, अ‍ॅक्सिलरेटर एका जागी स्थिर, वेग वाटला तर मागचा ब्रेक हलकेच. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, लावला की गाडी आडवी. एवढंच. कुठल्याही जुन्या गाडीची आठवण त्याने सांगितली नाही, म्हणून बहुधा ते मला कळलं.

राहिले हाताचे इशारे. उजवीकडे वळायचं तर उजवा हात सरळ बाहेर. डावीकडे वळायचं तरी उजवाच हात, पण घड्याळाच्या काट्यांच्या उलट गोल फिरवायचा. हळू व्हायचं तर तळवा खाली करून हात वरखाली. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोटारीची उजवी खिडकी असणार. मोटारसायकलला अ‍ॅक्सिलरेटर उजव्या हातात, त्यामुळे इशारा कुठलाही करा, गाडी आधी हळूच होते. तसे पुण्यात इशारे आहेतच. रिक्षावाल्याचा डावा पाय बाहेर आला की तो वळतो, आणि मागच्या सीटवरच्या आजी हात हलवतात तेव्हा मुलगा वळून गेलेला असतो.

परीक्षेच्या दिवशी मैदानावर गर्दी. 'विथ गियर'ची परीक्षा द्यायला आलेल्या बऱ्याच पोरांकडे गियरची गाडीच नव्हती. माझी स्प्लेंडर पाहून त्यांचे चेहरे उजळले. "काकू, जरा गाडी देता? एकच राउंड." एकाला दिली म्हणून दुसऱ्याला, दुसऱ्याला दिली म्हणून त्याच्या मित्राला. ह्यांनी कागदावर क्रम लावून दिला. माझा नंबर आला तोवर माझी गाडी माझ्याआधी अनेकदा पास झाली होती आणि पेट्रोल रिझर्व्हला आलं होतं.

आठ झाला. विटा नव्हत्या, त्यामुळे बघायला काही चुकीचं नव्हतंच. शेवटी डाव्या वळणाला मी उजवा हात बाहेर काढून गोल फिरवला. साहेबांनी पेन थांबवलं. "मॅडम, हे कुणी शिकवलं?" "पुस्तकात आहे," मी म्हटलं. त्यांनी शेजारच्या कारकुनाला बोलावलं, मला परत एकदा करून दाखवायला लावलं आणि सही केली.

आता स्प्लेंडर आठवड्यातून एकदा फिरते, बॅटरी ठीक आहे. आमच्या मैदानात आठ शिकायला कुणीही यावं. रांगोळी आणि मापं ह्यांच्याकडे तयार आहेत. सकाळी साडेसातच्या आत या, येझदीचा विषय नानांसमोर काढू नका, आणि येताना गाडी स्वतःची आणा. माझी मिळणार नाही.