मोटर शेवटी बसवावी

रेडिओवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक होडीत मोटर आणि शाफ्ट बसवण्याचे काम मागून पुढे करत यायचे असते. आधी पंखा, मग शाफ्टची नळी, मग कपलिंग आणि सर्वांत शेवटी मोटर. प्रत्यक्षात बहुतेक होड्यांत मोटर आधी बसते, कारण खोक्यातून ती आधी बाहेर येते, चकचकीत असते आणि बॅटरीला टेकवली की टेबलावरच आवाज करून घरच्यांना गोळा करते. दोन स्क्रूंनी तिला पक्की केल्यावर शाफ्ट तिच्यापर्यंत येत नाही असे लक्षात येते. मग तळाला आणखी एक भोक पाडले जाते. होडीच्या तळाला भोके जितकी कमी तितके बरे, हे तत्त्व इतके उघड आहे की ते कोणी लिहून ठेवत नाही, आणि लिहिलेले नसल्यामुळे ते पाळलेही जात नाही.

उदाहरणासाठी प्लायची, पाऊण मीटर लांबीची होडी आणि 540 मापाची ब्रश मोटर घेऊ. मोटर साधारण 36 मिलिमीटर व्यासाची आणि 50 मिलिमीटर लांब असते. तोंडावर एकमेकांपासून 25 मिलिमीटरवर स्क्रूंसाठी दोन भोके असतात. तिचा दांडा 3.17 मिलिमीटरचा, म्हणजे इंचाचा आठवा भाग. होडीचा शाफ्ट बहुधा 4 मिलिमीटरचा. इंच आणि मिलिमीटर यांचे भांडण जगात अजून मिटलेले नाही. होडीत ते कपलिंगने मिटवावे लागते.

पंख्यापासून सुरुवात करायची, कारण जागा त्याचीच ठरलेली असते. तो पाण्याखाली हवा, सुकाणूच्या लगेच पुढे हवा आणि पात्याचे टोक तळापासून व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतके तरी लांब हवे. या मोटरला 35 मिलिमीटरच्या आसपासचा पंखा पुरतो. त्याहून बराच मोठा लावला तर होडी पळत नाही, मोटर तापते. पंख्याच्या बाबतीत कमी ते बरे याला ऐतिहासिक दाखला आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रजाने 1837 मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात लाकडी स्क्रूची बोट चालवून पाहिली. स्क्रू कशावर तरी आपटला, त्याचा अर्धा भाग तुटला आणि बोट आधीपेक्षा जोरात पळू लागली. तेव्हापासून पाते मोडलेला प्रत्येक हौशी माणूस स्मिथचे नाव घेतो. स्मिथचा स्क्रू दोन वेढ्यांचा होता आणि त्यातला एक वेढा मुळातच जास्त होता, एवढे तो सांगत नाही.

पंखा ठरला की शाफ्टचा कोन. इथे घरातल्या शाळकरी मुलाची कंपासपेटी तात्पुरती सरकारजमा होते. शाफ्ट मागच्या बाजूला खाली उतरत जातो, त्यामुळे पंख्याचा जोर थोडा वरच्या दिशेनेही लागतो आणि होडीचे शेपूट उचलून नाक पाण्यात घालतो. कोन 10 अंशांच्या आत राहिला तर हे जाणवत नाही. 20 अंशांवर गेला तर होडी पोहण्यापेक्षा बुडी मारण्यात रस घेऊ लागते. कोन कमी करायचा तर नळी लांब घ्यावी लागते आणि मोटर पुढे सरकते. नळीचे आतले तोंड पाण्याच्या पातळीच्या वर यायलाच हवे, नाहीतर नळी हा होडीत पाणी आणणारा नळ ठरतो. कमी कोन आणि उंच तोंड या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. दोन्ही थोड्या थोड्या डावलाव्या लागतात.

भोकाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. 8 मिलिमीटर जाडीची नळी 10 अंशांत तळातून बाहेर काढायची, तर तळाला 8 मिलिमीटरचे भोक पुरत नाही. सुमारे 46 मिलिमीटर लांबीची फट पडते. हे त्रिकोणमितीने आधीच कळू शकते. कानस चालवताना ते जास्त खोलवर कळते. या अवस्थेतली होडी पाहुण्यांना दाखवू नये.

नळी लगेच चिकटवायची नाही. तिला पॉलिश पेपरने खरवडून, पुसून नुसती फटीत ठेवायची आणि मग मोटर व शाफ्ट एका सरळ रेषेत आणायचे. सगळ्या उद्योगाचे मर्म इथे आहे, आणि त्यासाठीची युक्ती फार जुनी व अगदी साधी आहे: नेहमीच्या लवचीक कपलिंगऐवजी काम होईपर्यंत पितळेची कडक जोडणी घालायची, जिचे एका बाजूचे भोक 3.17 मिलिमीटरचे आणि दुसऱ्या बाजूचे 4 मिलिमीटरचे. मोटर, जोडणी, शाफ्ट आणि नळी मिळून एकच सरळ काठी होते. ती काठी होडीत मनासारखी ठेवायची, मोटरचा ठोकळा आणि नळी दोन-दोन थेंबांनी जागीच डकवायची, हाताने फिरवून पाहायचे, आणि कुठेही अडत नसेल तरच पक्के चिकटवायचे.

ही जोडणी बाजारात सहसा मिळत नाही. लेथवाल्याकडून करून घ्यावी लागते. लेथवाला ट्रकच्या ॲक्सलवर काम करत असतो. कशाला हवी, या प्रश्नाला होडीसाठी असे उत्तर दिले की तो मशीन बंद करून विचारतो, "साहेब, होडी कुठे लावलीय?" कपाटावर, हे उत्तर खरे असले तरी देऊ नये. दोन भोके एकाच रेषेत हवीत, तेव्हा तुकडा चकातून न सोडता दोन्ही भोके पाडायची, हे मात्र त्याला सांगावे लागत नाही. ते त्याला होडीवाल्यापेक्षा आधीपासून माहीत असते.

चिकटवायला सावकाश सुकणारा एपॉक्सी घ्यावा. पाच मिनिटांत घट्ट होणारा एपॉक्सी ही पाच मिनिटांची हमी थंड हवेतल्या लोकांना देतो. मे महिन्यात तो ढवळता ढवळताच मत बनवून बसतो. नळीच्या तोंडांना आणि शाफ्टला आधी व्हॅसलीन लावावे. एपॉक्सी बुशमध्ये शिरला तर शाफ्ट आणि नळी यांचे नाते कायमचे होते.

सुकल्यावर कडक जोडणी काढून कपलिंग घालायचे. युनिव्हर्सल जॉइंट मिळतो म्हणून रेषा कशीही चालेल, असे मानणारा एक मोठा पंथ आहे. या जॉइंटला सोळाव्या शतकातल्या कार्डानो या इटालियन वैद्य-गणितज्ञाचे नाव चिकटले आहे, पण त्याचा दोष सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने ओळखला: वाकड्या रेषेत तो एकसारखा फिरत नाही. मोटर सारख्या वेगाने फिरत असली तरी 20 अंश वाकलेल्या जॉइंटपुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा सहा टक्क्यांनी पुढे धावतो आणि दोनदा तितकाच मागे रेंगाळतो. ही मोटर 7.2 व्होल्टवर मोकळी फिरली तर मिनिटाला पंधरा हजारांच्या घरात फेरे घेते, म्हणजे सेकंदाला अडीचशे. शाफ्टला सेकंदाला पाचशे वेळा घाई होते आणि पाचशे वेळा आळस येतो. काठावर ऐकू येणारी ती कर्कश घरघर वेगाची खूण नसून याची तक्रार असते, आणि तिच्यासाठी बॅटरी खर्च होत असते. दुहेरी जॉइंट लावला आणि दोन्हीकडचे कोन समान ठेवले तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. रेषा सरळ असली तर दोघांनाही काम उरत नाही, आणि तीच सर्वांत चांगली स्थिती.

आता जोर कुठे जातो ते. पंखा पाण्याला मागे ढकलतो, पाणी पंख्याला पुढे. हा ढकला शाफ्टमधून थेट मोटरच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. तिचे बुश त्यासाठी केलेले नसतात. पंख्याची बाजू वॉशरमार्फत नळीच्या मागच्या बुशवर टेकावी आणि शाफ्टला पुढे-मागे अर्धा मिलिमीटर मोकळीक राहावी. बुश झिजणे हे मोठ्या जहाजांचेही दुखणे होते. पितळी बुश इतके लवकर झिजत की जहाजे मागून गळू लागत, तेव्हा जॉन पेन या इंग्रज इंजिनिअरने 1850 च्या दशकात लिग्नम व्हिटी नावाच्या अतिशय कठीण लाकडाच्या पट्ट्या वापरल्या. पाणीच त्यांचे वंगण झाले. छोट्या होडीला पितळ आणि ग्रीस पुरते. ग्रीस ठासून भरले तर पाणी येत नाही, पण अर्धी मोटर ग्रीस घुसळण्यात जाते.

पंखा शाफ्टवर आट्यांनी बसतो. आटे उजवे असतात, पण पंखे उजवे आणि डावे दोन्ही मिळतात. उजवा पंखा होडी पुढे जाताना सैल होऊ पाहतो, डावा मागे येताना. म्हणून मागे-पुढे जाण्याचा विचार असलेल्या प्रत्येक होडीला पंख्याच्या पुढे लॉक नट हवा. तो नसेल तर पंखा तळ्याच्या तळाशी जातो आणि होडी मधोमध थांबते. मग पोहता येणारा मित्र शोधावा लागतो, जो आदल्या दिवसापर्यंत या छंदाला हसत असे. उजव्या पंख्यामुळे होडी डावीकडे किंचित कलते, तेव्हा बॅटरी बोटभर उजवीकडे सरकवून ठेवावी.

विजेचे काम थोडके. ब्रशांच्या ठिणग्यांनी रेडिओत खरखर होऊ नये म्हणून 0.1 मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर लावतात: एक दोन टोकांमध्ये, बाकीचे प्रत्येक टोकापासून मोटरच्या डब्याला. डब्याला डाग देण्याआधी तो कानसने घासावा. मोटर उलट फिरली तर दोन वायरी बदलायच्या. मोटर उलटी बसवायची नाही.

शेवटी पाण्यातली चाचणी. निकोला टेस्लाने 1898 मध्ये रेडिओवर चालणारी होडी दाखवली तेव्हा त्याच्यासाठी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौद बांधलेला होता. सदनिकेत धुण्याचा टब असतो. पाऊण मीटरची होडी त्यात तिरकी बसते, आणि तेवढे पुरे, कारण इथे वेग पाहायचा नसून गळती, आवाज आणि अँपिअर पाहायचे असतात. नळीच्या आतल्या तोंडाशी थेंब दिसला तर ग्रीस कमी आहे; फटीशी दिसला तर एपॉक्सी. मिनिटभराने मोटरवर बोट ठेवता आले नाही तर पंखा एका मापाने लहान करावा. गच्चीवरची टाकी चाचणीसाठी उत्तम असते, पण ग्रीसचा तवंग सगळ्या इमारतीच्या चहात उतरतो.

प्रत्येक फेरफटक्यानंतर पंखा आणि शाफ्ट काढून पुसावा, नवे ग्रीस लावून परत घालावा, बॅटरी काढावी आणि झाकण उघडे ठेवून होडी वाळू द्यावी. पुसायला जुने बनियन वापरावे. कोणते बनियन जुने आहे, हे ग्रीस लावण्याआधी घरात विचारून घ्यावे.