फैजपुरात एअर धरला

खानदेशात थंडी पडते, हे पुणेकराला पटवणं अवघड. त्याच्या लेखी जळगाव म्हणजे मे महिन्यातला पंचेचाळीसचा पारा आणि रात्रभर खडखडणारा कूलर. माझा मित्र याच मताचा. त्याने एका जुन्या ट्रॅव्हलरमधल्या सीटा काढून आत पलंग, ओटा, बेसिन आणि डिझेलवर चालणारा हीटर बसवून घेतला होता. हीटर हिमाचलातल्या बर्फासाठी होता. बर्फाच्या अलीकडेही माणसाला हुडहुडी भरू शकते, याची त्याच्या नकाशात सोय नव्हती.

अजिंठ्याचा घाट उतरून जळगाव, भुसावळ करत आम्ही बऱ्हाणपूरच्या वाटेला लागलो. बामणोदला मी भरताची वांगी घेतली. (बामणोदवरून वांगी न घेता पुढे जाणारा माणूस मला संशयास्पद वाटतो.) फैजपूर ओलांडून एका केळीच्या बागेच्या कडेला मुक्काम ठरला. सातपुड्याकडून वारं सुटलं होतं. बागमालकाने परवानगी देताना एवढंच विचारलं, "थंडीचं काय कराल, भाऊ?"

"हीटर आहे," मित्र म्हणाला. एखाद्याने 'बंगला आहे' म्हणावं, त्या थाटात.

हे यंत्र खरं म्हणजे साधं आहे. गाडीच्या टाकीतलं डिझेल एक छोटा पंप टिक टिक करत थेंबाथेंबाने आत ढकलतो. ग्लो प्लग तापून लाल होतो, डिझेल पेट घेतं. धूर एका नळीने गाडीखाली बाहेर जातो आणि पंखा त्या तापलेल्या धातूवरून गाडीतली हवा फिरवतो. आग एका बाजूला, हवा दुसऱ्या बाजूला, दोघींची गाठभेट होऊ द्यायची नाही. जर्मनीत एबरस्पेशर आणि वेबास्टो या कंपन्यांनी ट्रकवाल्यांसाठी असे हीटर लोकप्रिय केले. इंजिन बंद, ड्रायव्हर गरम, आणि खर्च ताशी पाव लिटर डिझेलच्या आसपास. मित्राचा हीटर मात्र जर्मन नव्हता. तो कुठला होता, हे त्याच्या माहितीपत्रकावरूनही कळत नव्हतं.

बटण दाबलं. पंखा घुरघुरला, पंपाने टिक टिक धरली. मित्राने अंगातलं जॅकेट काढून ठेवलं. जरा वेळाने पडद्यावर एक आकडा लुकलुकला आणि सगळं बंद पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मित्राने जॅकेट घातलं.

"डिझेल गोठलंय," तो म्हणाला.

इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं डिझेल काढलं, ही बातमी त्याने वाचलेली होती. फैजपुरात पारा दहाच्या आसपास होता. एवढ्यावर डिझेल गोठत असतं, तर अख्ख्या यावल तालुक्यातले ट्रॅक्टर दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत रजेवर गेले असते.

खानदेशात रस्त्याकडेला बॉनेट उघडणं म्हणजे गावाला अक्षत देणं. आमचा हीटर बॉनेटखाली नव्हताच, तरीही मित्राने सवयीने ते उघडलं आणि मंडळी जमली. दिल्लीचा माल भरून निघालेला केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर आला. धनाजी नाना महाविद्यालयातला एक मुलगा मोबाइलचा टॉर्च पाजळत आला. मोटारी रिवाइंड करणारा एक वायरमन आला. आणि मफलर कानाला घट्ट बांधलेले, सगळे ज्यांना आबा म्हणत होते ते गृहस्थ आले. ते कोणाच्या बोलावण्यावरून आले, हे शेवटपर्यंत समजलं नाही.

"गाडीले काय झालं?"

"गाडी ठीक आहे. हीटर चालू होत नाही."

"गाडीत हीटर काबरं?"

या प्रश्नाला मित्राकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, पण मला त्याच्याच गाडीत झोपायचं होतं.

वायरमनने मीटर लावला. बॅटरी साडेबारा व्होल्ट दाखवत होती. पण बटण दाबल्यावर ग्लो प्लग आठ-दहा अँपिअर खेचायला लागला, की हीटरच्या टोकाशी व्होल्टेज अकराच्या खाली घसरत होतं. "वायर बारीक टाकली," तो म्हणाला. "ही तर डोअरबेलची वायर आहे." मित्राने ती पुण्यात चांगल्या दुकानातून, चांगल्या भावाने आणली होती. वायरमन मोटारसायकलवरून गेला आणि सबमर्सिबल पंपाच्या केबलचा तुकडा घेऊन आला. दोनशे फुटांवरून पाणी ओढणाऱ्या मोटारीची केबल आता आमच्या पलंगाखालून गेली.

तो काम करत होता तोवर मी मित्राला गावाचा इतिहास ऐकवला. १९३६च्या डिसेंबरात, म्हणजे याच थंडीत, इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, गांधीजी हजर, आणि नंदलाल बोसांनी बांबूने सजवलेलं टिळकनगर. शेतकऱ्यांचा एक जथा तर मनमाडहून दोनशे मैलांवर चालत आला होता. एकाकडेही हीटर नव्हता.

"त्यांची वायरिंग चांगली असणार," मित्र म्हणाला.

केबल जोडली, बटण दाबलं. आता व्होल्टेज टिकलं. नळीतून पांढऱ्या धुराची एक पुसट रेघ निघाली, मंडळींनी "हां!" केलं, आणि पडद्यावर पुन्हा तोच आकडा.

मग आबा खाली वाकले. त्यांनी विहिरीवरचं ऑइल इंजिन अर्धं आयुष्य हाताने फिरवून चालू केलेलं होतं. टाकीकडून येणारी डिझेलची पारदर्शक नळी त्यांनी टॉर्चच्या उजेडात धरली. आत बुडबुड्यांची वारी चालली होती.

"एअर धरला," आबा म्हणाले. "आन् या पंपाले उताणा काबरं निजवला?"

इथे माहितीपत्रक आणि आबा यांचं एकमत निघालं. पंपाचं डिझेल बाहेर टाकणारं तोंड वर, तिरपं हवं, म्हणजे बुडबुडे निघून जातात. आडवा पंप नुसती हवा कुटत बसतो. हे पत्रकाच्या शेवटच्या पानावर होतं, आणि त्या पानात मित्राने पोहे बांधून घेतले होते.

ड्रायव्हरने टाकीकडचा सैल क्लॅम्प काढून आपल्या ट्रकमधला घट्ट क्लॅम्प बसवला. पंप तिरपा करायला पट्टी मिळेना, तेव्हा बागमालकाने केळीचं वाळलेलं सोपट आणून तो चेसिसला बांधून टाकला. जर्मन अभियंत्यांच्या डोक्यात हे आलं नसतं, कारण त्यांच्याकडे केळी नाहीत.

आणि हीटर पेटला. आतून गरम वारा आला. मंडळींनी एकेक करून हात लावून पाहिला. कोणी विचारलं, यावर वांगं भाजेल का. बागमालकाचा प्रश्न जास्त गंभीर होता: असे हीटर बागेत लावले तर? पाच बाय पाचवर एकरी साडेसतराशेच्या आसपास झाडं बसतात. थंडीत केळीची वाढ खुंटते, म्हणून तो रात्री बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो, विहिरीचं ऊनसर पाणी सोडतो, घडांना पिशव्या चढवतो. कॉलेजच्या मुलाने मोबाइलवर डिझेलचा हिशेब मांडला. आकडा पाहून मालकाने काडीकचऱ्याची बाजू घेतली.

"नळीचा धूर आत यायला नको," मित्र बजावत होता. "कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो."

"मंग खिडकी उघडी ठेवा," आबा म्हणाले आणि चपला काढून पलंगावर बसले. वायरमन त्यांच्या शेजारी बसला. ड्रायव्हरने दिल्लीला जरा उशिरा पोहोचायचं ठरवलं. मुलाने ओट्याला टेकून पाय पसरले. गप्पा केळीच्या भावावर आल्या, म्हणजे आता लवकर उठणार नव्हत्या.

आत जागा उरली नाही, तेव्हा आम्ही दोघे बांधावर गेलो. मालकाने कपाशीच्या काड्या पेटवल्या होत्या. मी बामणोदची वांगी आगीत सारली. मित्राने जॅकेट काढलं.