थोरली, मधली आणि धाकटी

बदलापूर पूर्वेला कात्रपच्या बाजूला घर बघायला गेलात, तर बिल्डर तुम्हाला बाल्कनीतून डोंगर दाखवतो. आमच्या सोसायटीत आलात, तर नाना तीन लोखंडी झाकणं दाखवतात. "ही थोरली, 180 फूट. ही मधली, 250. आणि ही धाकटी, 380. जरा हट्टी आहे, पण गुणी आहे." पाहुण्याला वाटतं, मुलींबद्दल चाललंय. नानांना मुली नाहीत, बोअर आहेत.

थोरली मारली तेव्हा कंपाउंडपलीकडे भाताची खाचरं होती. 2011 च्या जनगणनेत गाव पावणेदोन लाखांच्या आसपास गेलं, त्याआधी दहा वर्षांपूर्वी ते लाखाच्या आत होतं. उल्हास नदीवरच्या बॅरेजचं पाणी नळाला येतं, पण नानांचा नळावर विश्वास नाही. "नळ म्हणजे पाहुणा. आला तर आला. बोअर घरची." दर नवी विंग उठली की ते वहीत एक आकडा वाढवतात आणि वार्षिक सभेत विषय मांडतात : 'वाढत्या लोकवस्तीचा विचार करून पाणी योजनेचे विस्तारीकरण.' योजना दर वर्षी तीच असते. अजून खोल.

पातळी ते स्वतः मोजतात. नायलॉनच्या दोरीला नटबोल्ट बांधून खाली सोडायचा आणि कान लावायचा. 'डुब' ऐकू आलं की दोरीला गाठ. एप्रिलमध्ये झाकणाशी ओणवे झालेले नाना दिसले की बायका हंडे भरायला लागतात. मोटर जळली की ती रिक्षात मांडीवर घेऊन उल्हासनगरला कॅम्पात वाइंडिंगला नेतात आणि परतताना आजारी नातेवाइकाला भेटून आल्यासारखा चेहरा असतो.

धाकटीच्या वेळी पाणाड्या आणला होता. त्याच्या तळहातावरचा नारळ पार्किंगमध्ये उभा राहिला, तो नेमका चेअरमनच्या गाडीखाली. गाडी हलवली, बोअरची गाडी आली, रात्रभर सोसायटी राखेने माखली. मुरूम गेला, काळा खडक आला, आणि पहाटे दीड इंच पाणी लागलं. नानांनी पेढे वाटले. एकाने आठवण करून दिली की 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरांपलीकडची ती 'खोल विहीर'. नाना शांतपणे म्हणाले, "कायदा मीटरमध्ये आहे. आपली फुटात आहे."

अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर पाहायला आम्ही एकदा गेलो. तिथला गाभारा पायऱ्या उतरून, जमिनीखाली. नाना हात जोडून पुटपुटले, "बघा, शिलाहारांनासुद्धा खोल गेल्याशिवाय मिळालं नाही."

गेल्या मे महिन्यात तिघी एकदम आटल्या. टँकर सुरू झाले आणि नाना चौथीची तयारी करू लागले. तेव्हा बी विंगच्या एका सभासदाचे व्याही, भूजल खात्यातून निवृत्त झालेले, चहाला आले. त्यांनी सांगितलं ते सोपं होतं. इथला खडक बेसाल्ट, पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. चाळीस पावलांत तीन बोअर म्हणजे एका शहाळ्यात तीन नळ्या. चौथी घातलीत तर शहाळं मोठं होत नाही.

"आणि शेजारच्या सोसायटीची?" नानांनी विचारलं.

"तीही नळी त्याच शहाळ्यात."

नाना दोन दिवस जेवले नाहीत. इतकी वर्षं घरची म्हणून जपलेली मालमत्ता सामाईक निघाली!

व्याह्यांनी उपायही दिला होता. गच्ची 500 चौरस मीटर, पाऊस अडीच हजार मिलिमीटर धरला तर साडेबारा लाख लिटर, म्हणजे दहा हजारी सव्वाशे टँकर, गटारात जातात. ते गाळून थोरलीत सोडा. 'टँकर' या शब्दावर नाना जागे झाले. जूनच्या आत पाइप उतरले, खड्डा खणला, विटांचे तुकडे, खडी, वाळूचे थर बसले. फक्त जागेवरून वाद झाला. नाना खड्डा शेजारच्या भिंतीपासून जितका लांब जाईल तितका लांब नेत होते. "आपला पाऊस त्यांच्याकडे झिरपला तर?"

पहिला मोठा पाऊस जुलैत झाला. छत्री धरून नाना खड्ड्याशी उभे, गच्चीचं पाणी घुमत खाली जातंय, चेहऱ्यावर बारशाचा आनंद. तेवढ्यात भिंतीपलीकडे घर्रर्र झालं. शेजाऱ्यांची मोटर.

छत्री तिथेच टाकून नाना पॅनेलकडे धावले आणि त्यांनी तिघींची बटणं एकदम दाबली. टाकी सकाळीच भरलेली होती. गच्चीवरून ती ओसंडून वाहू लागली, पाइपातून खड्ड्यात आली, आणि नाना भिजत म्हणाले, "जाऊ दे, आपलंच आहे."